कानमिस्त्री आणि जुना वॉशर

मांस-भाज्या भाजायची गॅसवरची ग्रिल दुरुस्त करणारे त्या भागात आणखीही होते. पण ज्या ग्रिलवरची कंपनीची पट्टी गंजून गळून पडली आहे, बटणं हरवली आहेत आणि मालकालाही ते कधी घेतलं हे आठवत नाही, असं अनाथ ग्रिल फिरून फिरून शेवटी कानमिस्त्रींच्या दारात यायचं. दुकान म्हणजे एका लांबट गाळ्यात पुढे ओटा, मागे पत्र्याचं अंगण आणि भिंतीभर खिळ्यांना टांगलेले जुने बर्नर, नळ्या, जाळ्या. काहीही फेकायचं नाही हा त्यांचा नियम. त्यांची बायको म्हणायची, "ह्यांचं चाललं तर मलाही खिळ्याला टांगून ठेवतील, कधी लागले तर असावी म्हणून."

कानमिस्त्री हे नाव लोकांनी ठेवलं आणि त्यांनी ते कौतुकानं मिरवलं. गॅस कुठे गळतोय हे बघायला जगातले सगळे मिस्त्री साबणाचं पाणी लावतात आणि बुडबुडे येतात का ते पाहतात. आपले मिस्त्री त्याला 'भांडी घासणं' म्हणायचे. ते सगळी बटणं बंद करायचे, सिलिंडरची चावी फिरवायचे, डोकं तिरकं करून कान जोडाशी न्यायचे आणि डोळे मिटायचे. आजूबाजूचे लोक श्वास रोखून उभे. मग मिस्त्री म्हणायचे, "डावीकडून दुसरा नट. अर्धा आटा ढिला आहे." आणि खरंच असायचा. गिऱ्हाईक हे घरी जाऊन चार जणांना सांगायचं. माणसाला आपल्याबद्दल चांगलं ऐकायची सवय लागली की ती सुटत नाही. मिस्त्रींचीही सुटली नाही.

मुलानं बापाच्या धंद्यात पाऊल ठेवलं नाही. तो एका मालवाहतुकीच्या कचेरीत लागला आणि तिथे दिवसभर ओरडून ओरडून त्याचा आवाज कायमचा चढला. दुकानात आली ती सून. तिच्या माहेरी सायकलींचं दुकान होतं, त्यामुळे पाना कुठल्या बाजूनं धरायचा हे तिला शिकवावं लागलं नाही. तिची रीत मात्र सासऱ्यांच्या अगदी उलट. मिस्त्री लांबूनच ग्रिलकडे बघून त्याची जात सांगायचे. ती आधी आतलं सगळं बाहेर काढायची, बर्नरची लांबी मोजायची, दोन भोकांमधलं अंतर मोजायची, नळीच्या तोंडाचा फोटो काढायची आणि मग संगणकावर तासभर जुळवत बसायची.

"बाबा, झाकण तुम्ही म्हणता त्याच कंपनीचं आहे," ती हळूच म्हणायची, "पण पोट दुसऱ्याचं आहे. कुणीतरी दोन मोडक्यांचं एक केलंय."

मिस्त्री चष्मा वर करून बघायचे, गुरगुरायचे आणि म्हणायचे, "मला तेच म्हणायचं होतं." तिनं मागवलेले भाग बरोबर बसायचे. दुकान तिच्यामुळे चाललं होतं हे मिस्त्रींना मनातून कळत होतं आणि सून त्यांना आवडत होती. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते नावडीतून झालेलं नाही.

झालं ते लॉजवाल्याच्या ग्रिलपायी. लॉजच्या मागच्या बागेतून दुकानात आलेलं ते चांगलं कपाटाएवढं ग्रिल. वर जाळी, खाली दाराचा कप्पा, कप्प्यात सिलिंडर. बर्नर गंजलेले, नळी तडकलेली आणि कंपनीच्या पट्टीचा पत्ता नाही. सुनेनं दोन दिवस खपून त्याचं कूळ शोधलं, भाग मागवले, बर्नर स्वतः बसवले. नळी मिस्त्रींनी जोडली. मग त्यांनी कान लावला.

"बाबा, वास येतोय थोडा," ती म्हणाली.

"गॅसच्या दुकानात गॅसचा नाही तर काय अत्तराचा येणार?"

"साबण लावून बघू का एकदा?"

"माझे कान काय गहाण पडलेत?" मिस्त्रींनी डोळे मिटले. त्यांना काहीही ऐकू आलं नाही आणि काही ऐकू न येणं म्हणजे सगळं ठीक, असं त्यांनी आयुष्यभर धरलेलं होतं. "चोख आहे. पेटव."

तिनं झाकण उघडलं, नीट पूर्ण उघडलं आणि बटण दाबलं. भडका वरून आलाच नाही. तो खालच्या कप्प्यातून, दाराच्या फटीतून उसळला. सिलिंडरचा गॅस जड असतो, गळला की खाली बसतो, हे मिस्त्रींनीच तिला शिकवलं होतं. तिच्या भुवया गेल्या, कपाळावरचे केस गेले आणि उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. मिस्त्रींनी चावी बंद केली आणि तिचा हात नळाखाली धरला.

दवाखान्यात मुलगा धावत आला. बायकोची पट्टी बघून तो घाबरला, आणि घाबरला की तो ओरडायचा. "झाकण बंद ठेवून पेटवलंस ना? आत गॅस साठला असणार. कितीदा सांगितलं बाबांनी! बाबा, असंच झालं ना?"

सुनेनं सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी फरशीकडे पाहिलं.

"असंच झालं असणार," मिस्त्री म्हणाले.

एवढंच. एक वाक्य. पण तोंडातून गेलेलं वाक्य काही कुठल्या दुकानात दुरुस्त करून मिळत नाही. सून वाट बघत होती हे मिस्त्रींना त्या क्षणीही कळलं होतं आणि तिनं वाट बघायची कधी सोडली, तेही कळलं.

त्यानंतर घरात एकच विषय. मुलाची खोली मिस्त्रींच्या खोलीला लागून. "लक्ष कुठे असतं तुझं?" "आज हात गेला, उद्या जीव गेला असता." "बाबांचं नाव घालवलंस." सासूबाई वाईट नव्हत्या, त्या सुनेचे केस विंचरून द्यायच्या, पण विंचरता विंचरता म्हणायच्याच, "जरा घाई झाली गं तुझी." लॉजवाला दुकानात डोकावून म्हणाला, "मिस्त्री, माझ्या ग्रिलला आता तुमचाच हात लागू दे बरं का. पोरीबाळींचं काम नाही ते." मिस्त्री मान हलवत राहिले.

ग्रिल तर परत उभं करायला हवं होतं. कप्प्याचं दार वाकलं होतं, ठिणगीचं बटण वितळलं होतं. मिस्त्रींनी फोनवर ऐटीत बटण मागवलं. आलं ते भलत्याच ग्रिलचं. पुन्हा मागवलं, तेही बसेना. मग छोट्या स्क्रूच्या शोधात त्यांनी ओट्याखालचा खण उपसला आणि त्यांच्या हाताला नळीबरोबर आलेली प्लॅस्टिकची पिशवी लागली. पिशवी न फोडलेली. आत नवा वॉशर, काळा, मऊ, कोवळा.

मग नळीत कोणता आहे?

त्यांना आठवलं. नवा वॉशर त्यांना पातळ वाटला होता. म्हणून त्यांनी भिंतीवरच्या जुन्या नळीतला काढून बसवला होता, कारण जुन्या मालाची सर नव्याला नाही, हे ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचे. त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. एका वाटीत साबण कालवला. स्वतःच्या दुकानात, चोरासारखे. सगळी बटणं बंद करून सिलिंडर बाहेर अंगणात ठेवला, चावी उघडली आणि ब्रशनं नटाभोवती फेस लावला.

बुडबुडे आले. एकामागून एक, फुगत, फुटत, आले. मिस्त्रींनी वाकून कान अगदी जवळ नेला, इतका की फेस कानाला लागला. डोळ्यांना बुडबुडे दिसत होते आणि कानाला काही नव्हतं. त्यांनी दुसरा कान लावला. तिथेही काही नव्हतं.

घरात टीव्हीचा आवाज वाढवावा लागतो तेव्हा ते म्हणायचे, हल्लीचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. सुनेचं बारीक बोलणं निसटायचं तेव्हा म्हणायचे, मोठ्यानं बोलायला काय पैसे पडतात? जाडे, दणदणीत आवाज त्यांना चांगले ऐकू यायचे, त्यामुळे त्यांना स्वतःची फसवणूक करायला भरपूर जागा मिळाली होती. त्यांनी चावी बंद केली, नट खोलला. जुना वॉशर कडक होऊन एका बाजूनं चिरला होता. त्यांनी तो खिशात टाकला आणि तिथेच अंगणात, उपड्या डब्यावर बसून राहिले. आपणच तिला भाजलं आणि आपणच तिच्यावर आळ घेतला. दोन्ही कामं याच हातांची, याच तोंडाची.

आता सांगायला हवं होतं. सांगितलं तर नाव जाणार, आणि कान गेलेल्या कानमिस्त्रीकडे कोण येणार? नाही सांगितलं तर सून घरात बसणार. मिस्त्रींनी तिसरा रस्ता काढला, भित्र्या माणसाला तो नेमका सापडतो. ते सुनेसाठी मलम आणू लागले. फळं आणू लागले. पट्टी बदलताना पंखा जवळ ओढून देऊ लागले. आणि एकदा जेवताना मुलगा पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्याला अडवून म्हणाले, "जाऊ दे रे. चुका माणसाकडूनच होतात."

म्हणजे त्यांनी सुनेला चक्क मोठ्या मनानं माफ करून टाकलं. सून ताटावरून उठली, डाव्या हातानं ताट उचललं आणि आत गेली. मिस्त्रींना स्वतःची एवढी किळस कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळी मुलानं सांगितलं, "कचेरीतल्या साहेबांशी बोललोय मी. गोदामात खोकी मोजायचं काम आहे. हात बरा झाला की तिथे जायचं. दुकान बंद."

"बरं," सून म्हणाली.

मिस्त्रींना ते ऐकू आलं नाही. ओठ हलले त्यावरून कळलं. ती दुकानात त्यांच्याशी वाद घालायची ते त्यांना आठवलं, झाकण एकाचं पोट दुसऱ्याचं म्हणायची ते आठवलं, आणि त्या 'बरं'मध्ये त्यातलं काहीच नव्हतं. त्यांनी खिशात हात घातला आणि ताटाशेजारी दोन वॉशर ठेवले. एक नवा, एक चिरलेला.

"हा तिनं मागवला होता," ते म्हणाले. "हा मी बसवला. झाकण तिनं नीट उघडलं होतं. वास येतोय असंही म्हणाली. साबण लावते म्हणाली. मीच लावू दिला नाही. मला ऐकू येत नाही. बरेच दिवस झाले."

बायकोच्या हातातला डाव भांड्यात तसाच राहिला. मुलगा वॉशर हातात घेऊन उलटसुलट करत बसला, जणू त्याला त्यातलं कळत होतं. मग पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "दवाखान्यात मी तुम्हांला विचारलं होतं, बाबा."

"विचारलं होतंस."

सून इतका वेळ वॉशरकडे बघत होती. आता तिनं मान वर केली आणि मुद्दाम मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून विचारलं, "रोज भिंतीपलीकडून हे मला बोलत होते. ते तुम्हांला ऐकू येत होतं?"

नाही म्हणायची सोय होती. आत्ताच त्यांनी बहिरेपण कबूल केलं होतं. सगळ्यांचा विश्वास बसला असता. बायको तर नकारार्थी मान हलवायला लागलीही होती.

"येत होतं," मिस्त्री म्हणाले. "सगळं."

सुनेनं मान हलवली. मुलानं तिच्याकडे हात नेला, तो तिनं बाजूला सारला, आणि ती आपलं जेवण पूर्ण करू लागली, डाव्या हातानं, सावकाश.

ती गोदामात गेली नाही. हाताची पट्टी निघाली तशी ती दुकानात आली, आणि ठिणगीचं बटण मोजून, फोटो काढून, बरोबर तेच मागवलं. लॉजवाला ग्रिल न्यायला आला त्या दिवशी तिला तिथे बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"मिस्त्री, मी म्हटलं होतं ना—"

"चूक माझी होती," मिस्त्री म्हणाले. "वॉशर मी चुकीचा बसवला. तिच्यावर ढकललं."

लॉजवाल्याला कुठे बघावं कळेना. त्यानं विषय बदलायला विचारलं, "मग आज कान नाही लावत?"

"कान गेले."

सुनेनं वाटीतला फेस नटाभोवती लावला. तिचा हात कोपरापर्यंत गुलाबी आणि चकचकीत होता. मिस्त्री सिलिंडरच्या चावीवर हात ठेवून तिच्या खुणेची वाट बघत उभे होते. तिनं बोटानं खूण केली, त्यांनी चावी फिरवली. दोघंही फेसाकडे बघत राहिले. एकही बुडबुडा आला नाही. तिनं तरी त्यांना थांबवलं, पुन्हा फेस लावला, पुन्हा पाहिलं. मग झाकण पूर्ण उघडलं आणि एक पाऊल मागे सरली.

ठिणगीच्या बटणापाशी आता मिस्त्री होते. पूर्वी ती प्रत्येक वाक्याच्या आधी 'बाबा' म्हणायची. त्यांनी तिच्या ओठांकडे नीट लक्ष दिलं.

"पेटवा," ती म्हणाली.

मिस्त्रींनी बाही वर केली आणि पेटवलं.