पुट्टीखालच्या चिंध्या

नाना गेला, हे त्याच्या गॅरेजातल्या रामआसरे पेंटरने फोनवर सांगितलं तेव्हा मी हजिऱ्याला कामावर होतो. खोटं कशाला बोलू, आधी माझा हात डाव्या जबड्याकडे गेला. तीन वर्षांपूर्वी माझ्या या थोरल्या भावाने तो मोडला होता. गेलाही तसाच... गोडादऱ्याच्या नाक्यावर एक टेम्पो त्याच्या स्कूटरला घासला, नानाने ड्रायव्हरला खाली खेचलं, ढकलाढकली झाली आणि त्याचं डोकं दुभाजकावर आपटलं. दीड महिना झाला. लोक येतात, देवमाणूस होता म्हणतात. देवमाणूस कसला, आग्यावेताळ होता! पण पत्र्याच्या कामात त्याचा हात धरणारा अख्ख्या सुरतेत कोणी नव्हता.

जबडा मोडला तो एका गाडीपायी. तेव्हा मी नानाच्याच गॅरेजात कामाला होतो, आणि बारडोलीचा एक बागायतदार ती गाडी टेम्पोत घालून घेऊन आला. जुनी, विलायती, शर्यतीच्या बांध्याची, दोनच सीटची. गोदामात कोंबड्या बसायच्या तिच्यात. "कोई पण भोगे चालू करी आपो," तो म्हणाला. काहीही करा, पण त्याला बायकोला शेजारी बसवून ती हायवेवर पळवायची होती. नानाने दारावर चुंबक फिरवला, तो चिकटेचना. वर रंग, खाली नुसती पुट्टी! मग नाना तिच्यावर तुटून पडला. हातोडा, छिन्नी, ग्राइंडर... पुट्टीची ढेकळं उडायची, गंजाने आमची थुंकी लाल व्हायची. एकदा पात्याने त्याचं मनगट फाडलं, तर फडकं गुंडाळून त्याच हाताने पुन्हा सुरू. वाईट जोड सापडला की आधीच्या मिस्त्रीच्या आईचा उद्धार व्हायचा. आठव्या दिवशी दाराखालची पोकळ पट्टी फुटली. या पट्टीवरच सगळी गाडी तोललेली असते. आतून निघाल्या साड्यांच्या चिंध्या. गंजून पडलेल्या भगदाडात त्या कोंबून वरून पुट्टी थापली होती. "हाई काम कोन्ही करं?" नाना ओरडला, आणि त्या मिस्त्रीच्या आईला अशी शिवी हासडली की माझ्याने ऐकवेना.

गाडी टेम्पोतून उतरली तेव्हाच मी ओळखली होती. पंधरा वर्षांपूर्वी दुसऱ्या गॅरेजात असताना त्या चिंध्या मीच कोंबल्या होत्या. आठ दिवस गप्प बसलो होतो.

"नाना, ती माय आपलीच शे. हाई मी करेल शे."

पहिली बुक्की जबड्यावर बसली. मी पडलो, तर त्याने लाथ घातली, केस धरून माझं तोंड त्या भगदाडापाशी नेलं. "यामा मानसं बसतस!" तो किंचाळत होता. शेजारच्या लूमवरचे चार कामगार धावत आले आणि त्यांनी त्याला ओढून काढलं. नानाने ग्राइंडर माझ्या पायाशी फेकला. "तूच काढ आते." रक्त थुंकत, रडत मी तो सडका भाग कापला, त्याच्यासमोर टाकला आणि निघून गेलो. गाडीचं उरलेलं काम त्याने एकट्याने पुरं केलं. दिवाळीला वहिनी फराळ पाठवायची, पण तो आला नाही आणि मीही गेलो नाही. नाना पुन्हा मला भाऊ म्हणेल का, एवढंच तीन वर्षं डोक्यात होतं.

तेराव्यानंतर गॅरेज उघडलं. नानाच्या बसायच्या जागेवर, भिंतीला, मी कापून टाकलेला तो सडका तुकडा चिंध्यांसकट खिळ्याला टांगलेला. डोक्यात सणक गेली. मेला तरी माझी अब्रू काढायची सोय करून गेला! मी ओढून काढणार तेवढ्यात रामआसरेने हात धरला. तो मी गेल्यानंतर कामाला लागलेला.

"इसको मत छूना भैया. नाना हर नये आदमी को दिखाते थे. बोलते थे, ये मैंने किया था जवानी में, तुम मत करना."

मी भिंतीवर मूठ आपटली, बोटांची सालटी निघाली. एक फोन करायला काय झालं होतं रे तुला, नाना...

आता गॅरेज मी चालवतो. परवा एक नवा कारागीर लागला, त्याला तो तुकडा दाखवला. "हे मी केलंय," म्हणालो. रामआसरेने डोळे पुसले. त्याला वाटलं, मी नानाचंच वाक्य म्हणतोय.