झोक्यासाठी लावलेला निंब

सुरतेला गोडादऱ्यात आमच्या सोसायटीमागे जी बाग आहे, तिला बाग म्हणायला आम्हीच सुरुवात केली. आधी तिथे चिंध्यांचे ढीग आणि वेड्या बाभळी होत्या. पुढे भिंत झाली, फाटक बसलं, बाकं आली. पण झाडं कोण जगवणार? मग आम्ही पाच-सहा बायका आणि लूमच्या खात्यातून, म्हणजे कापडाच्या कारखान्यातून, निवृत्त झालेले एक म्हातारे बाबा रविवारी सकाळी खुरपी-घमेली घेऊन जायला लागलो. कुणी सांगितलं नव्हतं की कुणी विचारलंही नव्हतं. माझा नवरा म्हणायचा, घरातली तुळस वाळली ती दिसत नाही आणि निघाली गावाची बाग फुलवायला. खोटं नव्हतं ते. पण दिवसभर घरी साड्यांचे धागे कापून माझे डोळे इतके शिणायचे, की हिरवं काहीतरी बघण्यासाठी मी कुणाचीही बोलणी खाल्ली असती.

मावशींचं मात्र वेगळं होतं. मावशी म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या, माझ्या आईच्या वयाच्या. त्यांना बागबीग काही नको होती. त्यांना एक निंब हवा होता, तोही झोका बांधण्यासाठी. बाकीचे जिला अक्षय तृतीया म्हणतात ती आमच्या खानदेशातली आखाजी, लेकींचा सण. लेकी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोका बांधतात आणि गाण्यातून सासूचा उद्धार करून मोकळ्या होतात. मावशींची एकुलती एक लेक लग्न होऊन पलसाण्याला गेली. ती आखाजीला सकाळी रिक्षाने यायची, पंख्याखाली बसायची, जेवायची आणि संध्याकाळच्या रिक्षाने परत. मावशींना ते फार लागायचं. "पंखा तं तिना सासरले बी शे," त्या म्हणायच्या. "माहेरले काय शे मंग?"

लेकीचं लग्न झालं त्याच पावसाळ्यात त्यांनी गावाहून रोप आणून बागेत लावलं होतं. वाऱ्याने हलू नये म्हणून शेजारी काठी रोवली आणि साडीच्या कडेची कापलेली पट्टी दोघांभोवती गुंडाळून गाठ मारली. आमच्याकडे ही पट्टी घरोघरी लोळत असते. मऊ, मजबूत आणि फुकटची. निंब तरारला. दर उन्हाळ्यात आम्ही बुंध्याशी माती चढवायचो, शेणखत घालायचो, आळं करायचो. मागच्या आखाजीला मावशींनी पदर खोचला आणि सरळ फांदीला लोंबकळून पाहिलं. बाबा ओरडले, "अहो, उतरा, हाडं गोळा करायला लावाल आम्हाला!" त्या उतरल्या आणि जाहीर करून टाकलं, पुढच्या साली झोका. मग गावी जाऊन जाडजूड सुती दोर घेऊन आल्या. नायलॉनचा इथे वाटेल तितका मिळतो, असं मी म्हटलं, तर माझ्याकडे अशा बघायला लागल्या, जशी मी शिवीच दिली. नायलॉनने फांदी सोलवटते म्हणे. लेकीलाही त्यांनी निरोप धाडला, यंदा मुक्कामाला ये.

यंदा चैत्रात रस्त्यावरचे सगळे निंब कोवळ्या तांबूस पानांनी भरले आणि आमचा पिवळा पडला. आम्ही पाणी वाढवलं. मग कुणी म्हणालं पाणी जास्त झालं, तर बंद केलं. कुणी ताक ओतलं, कुणी लिंबू-मिरची बांधली. मी बाकावर सिगारेट ओढत बसणाऱ्या पोरांना झाडून काढलं. त्यांचा बिचाऱ्यांचा काडीचाही संबंध नव्हता. पानं गळतच होती. मावशी रोज खाली पडलेली पानं गोळा करून त्याच झाडाच्या आळ्यात टाकायच्या आणि म्हणायच्या, "फुटी. आखाजीलोंग फुटी." आखाजीपर्यंत पालवी फुटणारच, हा त्यांचा हेका.

शेवटी पालिकेच्या मोठ्या बागेतला माळी बोलावून आणला. त्याने बुंध्याजवळची माती उकरली. आमच्याच हातांनी चढवलेल्या मातीखाली खोडाला एक खोल खाच पडली होती, वरचा भाग सुजल्यासारखा फुगला होता. माळ्याने खुरप्याचं टोक घालून खाचेतून काहीतरी ओढलं. गुलाबी, चकचकीत, काल कापल्यासारखं. ती पट्टी होती.

"मासी, आनुं तो गळुं दबाई गयुं छे," माळी म्हणाला. झाडाचा गळाच आवळला गेला होता.

आम्ही ब्लेडने पट्टी काढायला बसलो. थोडी निघाली, बाकीची लाकडाच्या आत गेली होती. गावाकडे रोपाला सुतळी नाहीतर जुन्या लुगड्याची चिंधी बांधतात. एक पावसाळा गेला की ती आपली आपण कुजून गळून पडते. ही पट्टी नायलॉनसारखी, कुजतच नाही. बांधलेलं पुढे सोडायचं असतं, हे आम्हाला कधी ठाऊकच नव्हतं, कारण कुणाला सोडावं लागलं नव्हतं. गाठ कुणी मारली होती ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांच्याच हातांची ती सवय होती. मला कुणावर तरी खच्चून ओरडायचं होतं आणि ओरडायला कुणी नव्हतं. माळी म्हणाला, वाऱ्यात मोडेल, कुणाच्या अंगावर पडेल, कापावंच लागेल. मावशींनी आखाजीपर्यंतची मुदत मागून घेतली.

आखाजीला लेक आली ती खरंच पिशवी भरून, मुक्कामाच्या तयारीने. मावशींनी तिला काही कळवलं नव्हतं. आमच्यातही कुणाची सांगायची छाती झाली नाही. दुपार कलल्यावर मावशी खांद्यावर दोर टाकून बागेत आल्या, मागे लेक. वाटलं, या आता त्या वाळक्या फांदीला झोका बांधतात की काय.

मावशी निंबाकडे गेल्याच नाहीत. मागच्या पावसाळ्यात लावलेल्या रोपांपाशी जाऊन बसल्या. त्यांनाही आम्ही तशाच पट्ट्या बांधल्या होत्या. मावशींनी एकेक पट्टी कापून काढली, मग खांद्यावरचा दोर जमिनीवर सोडला आणि त्याचाच हातभर तुकडा कापून पहिल्या रोपाला बांधला.

"मावशी, थांबा हो," मी म्हटलं. "घरी नवऱ्याच्या जुन्या बनियन पडल्यात, त्या फाडून आणते."

"ऱ्हाऊ दे माय," त्या म्हणाल्या. "आते हाऊ दोर कोनले पाहिजे?"

लेक निंबाकडे बघत उभी होती. मग म्हणाली, "माय, मी तं मुक्कामले ऊनी."

"मंग ऱ्हाय ना," मावशी म्हणाल्या. "ते टोक धर."

लेकीने टोक धरलं, ताणून. मावशी विळ्याने कापत गेल्या आणि मी बांधत गेले. दोर जाड, गाठी धड बसत नव्हत्या. शेवटचं रोप झालं तेव्हा लेकीच्या हातात हातभर दोर उरला होता. तिने तो पिशवीत टाकला. मग दोघी घरी गेल्या आणि पंख्याखाली बसल्या.