मुजावर मॅडम आणि इंग्लंडचे राजे

मुजावर मॅडम वर्गात आल्या की हजेरीच्या आधी विचारायच्या, "आज कोण कुणाला भ्यालं?"

उत्तर द्यावंच लागायचं. कुणी कुत्र्याला भ्यालेलं असायचं, कुणी बापाला, कुणी गणिताच्या सरांना. नववीच्या पहिल्या दिवशी मी म्हटलं, "मी कुणालाच नाही." मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "मग तू जित्ती हाईस का न्हाईस?" वर्ग हसला. खरं तर त्या सकाळी बसमध्ये माझ्या पाठीला चिकटून उभ्या राहिलेल्या एका माणसाला मी भ्याले होते. मधल्या सुट्टीत मी ते त्यांना हळूच सांगितलं. दुसऱ्या दिवशी आमच्या गडमुडशिंगीच्या स्टॉपवर त्या छत्री घेऊन उभ्या होत्या. पुढचे पंधरा दिवस त्या शहरातून उलट दिशेनं आमच्या स्टॉपपर्यंत यायच्या आणि माझ्याबरोबर परत शाळेला जायच्या.

मॅडम इंग्रजी शिकवायच्या. ठेंगण्या, आवाज मात्र मैदानापलीकडं जाणारा. आमच्याकडच्या बायकांसारखं स्वतःविषयी बोलताना "मी आलो, मी गेलो" असंच म्हणायच्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्हा आठ-दहा मुलींना थांबवून घ्यायच्या आणि चारशे वर्षांपूर्वीची, इंग्लंडच्या राजांवरची नाटकं सांगायच्या. कॉलेजातली मुलंही ज्यांच्या नावानं घाबरतात, ती नाटकं.

"एम.ए.ला मी ही गाइडावरनं पाठ केलो," त्या सांगायच्या. "कळलं काय बी न्हाय. मग आमच्या चुलत्यांची बांधावरनं भांडणं लागली. कोण कुणाकडं गेला, कोण रातोरात फिरला, सगळं डोळ्यानं बघितलो. तवा पुस्तक परत उघडलो, तर त्यात आमचंच घर की!"

तीन शनिवार त्या नुसती गोष्ट सांगायच्या, मराठीत. एक राजा, त्याचा चुलतभाऊ, त्यानं बळकावलेलं राज्य. मग प्रत्येकीला मूळ इंग्रजीतल्या चारच ओळी. जास्त मागितल्या तर म्हणायच्या, "आधी एवढं पोटात जाऊ दे." आणि एक गोष्ट त्या पुन्हा पुन्हा सांगायच्या, "राजाला बघत बसू नका. बाजूला जी माणसं उभी हाईत, त्यांची तोंडं बघा. कोण कुणाला भितंय एवढं हुडका. नाटक कळलं."

त्या वर्षी मी राजा झाले. राज्य सोडून देणारा राजा. मुकुट पुठ्ठ्याचा, मिठाईच्या खोक्यावरचा सोनेरी कागद चिकटवलेला. अंगावर चुलत बहिणीची केशरी शाल, कारण तेवढीच घरी सापडली. चुलतभाऊ झालेल्या आरतीला मुकुट देताना माझ्या हातून तो निसटला, तिचा पाय त्यावर पडला आणि पुठ्ठा चेपला. सगळ्या हसलो. मॅडमही पोट धरून हसल्या. मी आईचा फोन चोरून आणला होता. एका मैत्रिणीनं त्यावर हे चित्रण केलं होतं. संध्याकाळी मी त्यातला एवढासा तुकडा स्टेटसला ठेवला. त्यात माझी पाठ दिसत होती, केशरी शाल, पायाखालचा मुकुट आणि हसणाऱ्या मॅडम.

रविवारी सकाळी बाबा चहा पिता पिता फोनमधून मोठ्यानं वाचू लागले. तोच तुकडा. वर कुणीतरी लिहिलं होतं की शाळेत आपल्या राजांचा मुकुट तुडवायला शिकवतात आणि ही बाई बघा कशी हसते. खाली मॅडमचं पूर्ण नाव. बाबा म्हणाले, "हिला आता दावायलाच पायजे." आणि त्यांच्या अंगठ्यानं तो मेसेज पुढं पाठवला. आपलीच मुलगी त्यात पाठमोरी उभी आहे, हे त्यांना ओळखू आलं नाही.

मी आईचा फोन घेऊन न्हाणीघरात गेले. स्टेटस पुसण्याआधी ते कुणी कुणी बघितलंय ती यादी बघितली. अगदी तळाला, म्हणजे सगळ्यांत आधी बघणारं, नाव मुजावर मॅडमचं होतं.

सोमवारी शाळेच्या फाटकाबाहेर माणसं जमली होती. समोरच्या दुकानांची शटरं अर्धी खाली आली होती. पालक येऊन आपापल्या मुली घेऊन जात होते. मला न्यायला कुणी येणार नव्हतं. मी ऑफिसच्या बाहेरच्या बाकावर बसले होते. मॅडम आल्या, माझ्या शेजारी टेकल्या. पिशवीतून पाण्याची बाटली काढली. त्यांना झाकण फिरवता येईना. मी बाटली घेतली, झाकण उघडून दिलं. आम्ही एकमेकींकडं बघितलं नाही.

आत मुख्याध्यापक होते, संस्थेचे दोघं होते आणि बाहेरच्यांपैकी चार जण. दार उघडंच होतं.

"कोणता राजा आहे हा?" एकानं विचारलं.

"इंग्लंडचा," मॅडम म्हणाल्या. "हे बघा पुस्तक. हे बघा मी केलेलं मराठी भाषांतर."

त्यांनी पानं उलटून दाखवली. त्यातला एक जण बराच वेळ वाचत राहिला. मग म्हणाला, "ते असंल. पर लोकांना काय सांगायचं? भगवं दिसतंय त्यात."

"शाल हाय ती. पोरीकडं तीच हुती."

"कुठली पोरगी? नाव सांगा. आणि हे काढलं कुणी, टाकलं कुणी?"

उठावं, आत जावं, मीच म्हणावं. पण मी बाकाची कड धरून बसूनच राहिले. बाहेर कुणीतरी मॅडमचं नाव घेऊन ओरडलं आणि फाटक खडखडलं.

"मीच काढून घेतलो," आतून मॅडमचा आवाज आला. "माझ्याच फोनवर. मीच टाकलो. पोरीचा काय संबंध न्हाय."

त्यांच्याकडून माफीचं पत्र लिहून घेतलं. ते फाटकाबाहेर वाचून दाखवलं, मग माणसं हळूहळू पांगली. कुणी दगड मारला नाही, कुणी हात लावला नाही. झालं ते एवढंच. पण शनिवार बंद झाले. वर्गात येऊन मॅडम सरळ हजेरी घ्यायला लागल्या. दार वाजलं की खडू तिथंच थांबायचा. वर्ष संपताच त्या गारगोटीजवळच्या एका शाळेत निघून गेल्या. निरोपसमारंभाला मी पोटदुखीचं कारण सांगून घरी राहिले.

सात वर्षांनी, बी.एड. करताना, मी पत्ता काढून गारगोटीला गेले. मॅडम वाळल्या होत्या. चहा टाकायच्या आधी त्यांनी दाराची वरची कडी लावली, मग खालची. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मॅडम, ते स्टेटस माझं होतं."

"ठावं हाय की. पयलं मीच बघितलो. दोन डाव बघितलो. लई झ्याक काम केलं हुतंस तू."

"मग तुम्ही का सांगितलंत, मीच टाकलं म्हणून?"

"मी तर भ्यालोच हुतो. त्यात आणि एक चौदा वर्षांची पोरगी कशाला?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मला वाटत होतं, आता त्या काहीतरी धीराचं बोलतील. मी म्हटलं, "मी सरावाला शिकवते त्या शाळेतल्या मुलींना एकदा शिकवाल? राजाचं नाटक?"

"न्हाय बाई," त्या लगेच म्हणाल्या. "तू शिकीव. माझ्यात न्हाय आता." आणि थोड्या वेळानं, "घरी सांगितलंस का कधी?"

"नाही."

"सात वर्षं त्याच घरात भीत बसलीस व्हय?"

त्या संध्याकाळी गडमुडशिंगीला पोचल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. शाल, फोन, बाक, बाटलीचं झाकण. बाबा वैरण टाकून आले होते, हातही धुतले नव्हते. ते पायरीवर बसले. मग म्हणाले, "नंबर हाय त्यांचा?"

त्यांनी आपल्या फोनवरून लावला. पूर्ण वाजला, कुणी उचलला नाही. पुन्हा लावला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदा फोन बंद लागला. मी माझ्या फोनवरून मेसेज केला, मॅडम, तो नंबर माझ्या बाबांचा आहे. बऱ्याच वेळानं त्यांचा फोन चालू झाला आणि त्यांनीच मला लावला.

मी फोन बाबांच्या हातात दिला. ते उठून उभे राहिले. मुख्याध्यापकांसमोर उभं राहावं तसे.

"मॅडम," ते म्हणाले, "मी सुप्रियाचा बाप. ते मी बी पुढं पाठवलं हुतं."

तिकडून काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही. बाबा फक्त "व्हय... व्हय..." म्हणत राहिले, आणि त्यांचा आवाज दर वेळी अधिकच बारीक होत गेला.