‘फोर’च्या जागी साचाखातं

भोक नव्हतं, तरी त्याला होल म्हणायचं. गवताचं पातं नव्हतं, तरी फेअरवे. डिस्क गोल्फ म्हणजे हातानं तबकडी फेकायची आणि ती खांबावरच्या साखळ्यांना आपटून खालच्या टोपलीत पाडायची. ना काठी, ना चेंडू. पण शब्द सगळे गोल्फकडून उसने: टी, पार, बर्डी, बोगी. समोरच्यांनी बाजूला व्हावं म्हणून फेकण्याआधी ओरडायचं, तेसुद्धा त्यांचंच. “फोर!”

लालबागला आमच्या चाळीमागे बंद गिरणीच्या आवारातला एक तुकडा टॉवर बांधून उरला होता. तो खेळासाठी मोकळा ठेवा म्हणून आम्ही पत्रकं वाटली, धरणं धरलं. मैदान रिकामं दिसलं की एका रात्रीत पत्रे ठोकले जातात, म्हणून दर रविवारी सकाळी तिथे खेळायचंच असं ठरलं. हा खेळ शेजारच्या खोलीतला माझा मित्र बंगळूरहून शिकून आला होता. सायकलच्या रिमांना साखळ्या जोडून टोपल्या नाक्यावरच्या वेल्डरनं केल्या.

“घाम गिरणी कामगारांचा आणि शब्द क्लबवाल्यांचे?” मी त्याला म्हटलं. “लाज नाही वाटत?”

“अगं, मी शिकलो तसं बोलतो. काढ आता मोर्चा. बर्डी मुर्दाबाद!”

मोर्चा नाही काढला. नावं बदलली. आजोबा संपाच्या आधी त्याच गिरणीत साच्यांवर होते, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर. हल्ली चहा घेतला की नाही तेही त्यांना आठवत नाही. पण कुठे काय होतं विचारल्यावर त्यांनी खिडकीतून बोट दाखवत सगळी गिरणी उभी केली. इथे साचाखातं, पलीकडे सूत गुंडाळायचं वायंडिंग, चिमणीखाली बॉयलर. मी प्रत्येक खांबावर त्या त्या खात्याचं नाव रंगवलं. ‘फोर’ बंद. ज्या टोपलीवर फेकायचंय तिचं नाव ओरडायचं, हा आमचा नियम. फार खूश होते मी. त्यावर एक पत्रकही लिहून टाकलं.

पहिल्या रविवारी मी हाळी दिली, “साचाखातं!” टोपलीजवळ तेव्हा चिटपाखरू नव्हतं. मी हात मागे नेला आणि समोर पाहिलं, तर तिथे आजोबा उभे होते. फाटकातून ते कधी आत आले ते ना मी पाहिलं, ना मित्रानं. त्यांचा उजवा हात छातीसमोर होता. चिमटीत काहीतरी धरून ते पीळ देत होते, सोडत होते, पुन्हा धरत होते. वारा नव्हता, पण त्यांच्या पाठीमागे साखळ्या बारीक किणकिणत होत्या.

“आजोबा, घरी चला.”

त्यांचे कान अजून तिखट आहेत. तरी त्यांना ऐकू गेलं नाही. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले, मोठ्या गोंगाटात माणसं बघतात तसे.

पुढच्या रविवारी फाटकाबाहेर आणखी काही म्हातारे होते. इस्त्रीचे शर्ट, हातात डबे. सगळ्यांचे डोळे आत मैदानाकडे. मित्रानं एकाला विचारलं, “काका, कोणाला शोधताय?”

“कोणाक नाय. हाक इली ना.”

घरी आईला सांगितलं, तर तिच्या हातातली पळी थांबली. “कळतंय का तू काय ओरडतेस? बदलीवाले रोज फाटकावर उभे राहायचे. कोणी कामाला आला नाही की मुकादम त्या खात्याचं नाव पुकारायचा आणि एकाला आत घ्यायचा. बाकीच्यांचा खाडा. आजोबा कायम होईपर्यंत वर्षानुवर्षं त्या रांगेत होते.”

‘फोर’ ऐकून माणूस बाजूला होतो. माझी हाळी ऐकून ती माणसं तबकडीच्या वाटेत येत होती.

तरी मी नाव मागे घेतलं नाही. आपला शब्द पुसायचा आणि क्लबवाल्यांचा ठेवायचा? मुळीच नाही. म्हाताऱ्यांना अडवायला फाटकावर कोणालातरी उभं करू, म्हटलं. केलंही. त्या रविवारी मित्रानं “साचाखातं!” म्हणून तबकडी सोडली आणि आजोबा फाटकातून नाही, कुठून ते देव जाणे, मधे आले. कड त्यांच्या कपाळावर बसली. मी धावले. रक्त भुवईत उतरत होतं आणि बोटं तशीच चालू होती, धागा सांधत.

“साचो थांबवू नको गो,” ते म्हणाले. “सूत तुटतला.”

डॉक्टरांनी टाके घातले. त्याच संध्याकाळी मी सगळे खांब पांढरे रंगवले. होल एक, होल दोन. आता आम्ही ‘फोर’ ओरडतो, आणि ओरडताना मला अजून राग येतो. पण त्या शब्दात आमचं कोणी राहत नाही. तो कितीही मोठ्यानं ओरडा, कोणी उठून येत नाही.

फाटक मोकळं पडलं. मित्रानं एकदाही टोमणा मारला नाही. खेळून वर आले तर आजोबा खिडकीशी उभे होते, कपाळाला पट्टी, नजर खाली मैदानावर.

“आज हाक नाय इली?” त्यांनी मला विचारलं. नातीला विचारावं तसं नाही. अदबीनं, हात जोडून.

मैदान आमचं आहे, फाटक उघडं आहे, आत या, हे मी शेकडो लोकांना भोंग्यावरून सांगितलं आहे. त्यांना नाही सांगता आलं.

“आज बदली नाही,” मी म्हटलं.

“उद्या येव काय?”

“उद्या बघू.”

“बरा, मुकादम,” ते म्हणाले आणि खिडकीपासून मागे सरकले.