रायफलला मानवलेल्या गोळ्या

भुसामामांना पोकळी सोसत नाही. काचसामानाच्या कारखान्यात त्यांनी पॅकर म्हणून उभी हयात काढली, आणि त्यांनी बांधलेल्या खोक्यातला पेला फुटून आल्याचे कुणी ऐकलेले नाही. संध्याकाळी घरी येताना त्यांच्या बाहीवर, केसांत भुशाचे कण असायचे, म्हणून गल्लीतल्या पोरांनी हे नाव पाडले. आता कारखान्यातून भुसा गेला, त्याच्या जागी फुगवलेल्या प्लॅस्टिकच्या उश्या आल्या. नाव मात्र राहिले. घरातही तीच तऱ्हा. डाळ संपत आली की मोठ्या डब्यातली लहान डब्यात, लहानातली वाटीत. "एक दिवस मलाही घडी घालून कपाटात ठेवतील," असे मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात.

ही सवय एकदा त्यांच्याच लेकीच्या मुळावर आली.

लेक चष्म्याच्या दुकानात काम करते आणि रायफल चालवते. पन्नास मीटरवरचे लक्ष्य, त्यातला दहा गुणांचा ठिपका शर्टाच्या बटणाएवढा. तो ठिपका गाठायचा तर हात, डोळा आणि श्वास जागेवर हवेतच, पण गोळीही हवी. आणि गोळीचे प्रकरण नाजूक. काडतुसे एकाच कंपनीची, एकाच नावाची, वर छापलेला वेगसुद्धा तोच. तरी एका खेपेला बनलेला माल दुसऱ्या खेपेसारखा वागत नाही. अशा एकेका खेपेला लॉट म्हणतात. शेजारणीच्या रायफलीतून सुरेख जाणारा लॉट हिच्या रायफलीतून पसरतो. महागाची किंवा जास्त वेगाची गोळी म्हणजे चांगली गोळी, असा नियम नाही. ज्या नळीला जी मानवेल ती तिची.

म्हणून निवड चाचणीच्या कितीतरी आधी तिच्या प्रशिक्षकांनी, म्हणजे सरांनी, रायफल टेबलावर शिकंज्यात आवळली. माणसाचा हात मधून काढून टाकायचा आणि एकेका लॉटच्या गोळ्या झाडून भोके किती जवळ पडतात ते बघायचे. मामा त्या दिवशी मुद्दाम रजा घेऊन गेले होते. कागदामागून कागद आले. एका लॉटने चाळणी केली, एकाने उभी रेघ ओढली. मग शेवटी सात आकडा असलेला लॉट लावला, आणि गोळ्या एकीच्या मागे एक त्याच भोकात शिरल्यासारख्या गेल्या.

"हिला मानवते ती हीच!" मामा हरखून म्हणाले. "आमच्या सासऱ्यांना एकाच दुकानचा चहा मानवायचा, तसंच आहे हिचं."

"सासऱ्यांना निदान बोलता यायचं, मामा," सर म्हणाले. "हिला रोज विचारून बघावं लागतं."

सातवाला लॉट बाजारातून लगेच संपला. लेकीने चाचणीपुरते दोन ट्रे जपून ठेवले आणि सरावासाठी चारवाला लॉट आणला. तो वाईट नव्हता, पण हिच्या रायफलीतून थोडा सैल जायचा.

प्रवासाला निघायच्या आदल्या दुपारी पेटी भरायचे काम अर्थातच मामांकडे आले. काडतुसे रायफलीपासून वेगळी, कुलूपबंद पत्र्याच्या पेटीत न्यायची असा नियम आहे. पेटी लहान होती. प्रत्येक प्लॅस्टिकच्या ट्रेवर पुठ्ठ्याचे सरकते वेष्टण असते, ती वेष्टणे घातलेले ट्रे नीट बसेनात. एका बाजूला फट राहत होती आणि दुसऱ्या बाजूला झाकण टेकत नव्हते. मामांनी दोन-तीनदा मांडून पाहिले. मग सगळी वेष्टणे उतरवली. उघडे ट्रे असे बसले की जणू पेटी त्यांच्यासाठीच ओतली होती. सातवाले दोन तळाशी, मधे फोमचा तुकडा, चारवाले वर. पेटी कानाशी धरून हलवली. हूं की चूं नाही. लॉटचा आकडा फक्त वेष्टणावर छापलेला असतो, हे त्यांना माहीत नव्हते असे नाही. पण खाली काय, वर काय, हे त्यांच्या डोक्यात पक्के होते. पॅकरला ते पुरते. वेष्टणे त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली, अर्थात घडी घालून.

वाटेत तपासणी झाली. परवान्याचे कागद बघून शिपायाने पेटी उघडायला लावली, ट्रे एकेक करून बाहेर काढले, मोजले आणि परत कोंबले. फोमचा तुकडा सगळ्यांच्या वर आला.

"अहो, जरा नीट..." मामा म्हणाले.

"काका, झाकण लागलं ना? मग झालं तर."

झाकण लागले होते. गाडीची वेळ झाली होती. मामा फोमकडे बघून मनात चडफडले ते ठेवण्याच्या पद्धतीवर. त्याचा अर्थ काय, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आले नाही.

तो आला दुसऱ्या दिवशी, रेंजवर. चाचणीच्या आदल्या दिवशी सगळ्यांना थोडा सराव करू देतात. लेक म्हणाली, "बाबा, सातवाल्यातल्या थोड्या द्या. नेम बसवून घेते." मामांनी सवयीने तळातला ट्रे काढून दिला आणि मागच्या बाकावर जाऊन बसले. समोरच्या पडद्यावर तिच्या गोळ्यांचे ठिपके उमटू लागले. एक दहावर. एक नऊवर डावीकडे. एक वर. एक पुन्हा दहावर. मग खाली. लेकीने रायफल खाली ठेवली, हातमोजा काढून बोटे चोळली, पुन्हा झाडली. ठिपके पसरतच राहिले.

ती मागे वळली. "बाबा, हा सातवालाच ना?"

मामांच्या डोळ्यासमोर तो वर आलेला फोमचा तुकडा उभा राहिला.

"हो... हो, तोच," ते म्हणाले.

का म्हणाले, ते त्यांनाही सांगता येत नाही. घाबरलेल्या माणसाच्या तोंडातून आधी 'हो' बाहेर पडते. लेकीने मान हलवली, उरलेल्या गोळ्या झाडल्या नाहीत, आणि रायफल पुसू लागली.

मामा सरांना गाठायला गेले. खरे सांगून टाकायचे असे ठरवूनच गेले होते. पण सरच आधी बोलले.

"बघितलंत ना? घाबरलीय. पहिल्यांदा एवढ्या मोठ्या चाचणीला आलीय, होतं असं. आता एक करा, उद्यापर्यंत तिच्या डोक्यात काही घालू नका. घर, पाहुणे, पोटदुखी, काही म्हणजे काही नाही. नेमबाजाचं डोकं पाटीसारखं कोरं हवं."

"पण समजा, एखादी गोष्ट तशी गरजेचीच असली तर?"

"तर उद्या संध्याकाळी सांगा."

झाले! मामा आल्या पावली परतले.

उतरायच्या जागी त्यांना आणि लेकीला शेजारशेजारच्या खोल्या होत्या. दार लावून मामांनी पेटी उघडली आणि सगळे ट्रे पलंगावर मांडले. उघडलेला ट्रे चारवाल्यातला असणार, एवढे कळत होते. बाकीच्यांत दोन सातवाले होते. पण कोणते? त्यांनी एकेक काडतूस खिडकीच्या उजेडात धरले. तेच पितळ, तेच करडे टोक, तोच मेणाचा पातळ हात. वास घेतला. बोटावर तोलले. काचेचा पेला टिचकी मारली की सांगतो, तडा आहे की नाही. आयुष्यभर मामांनी त्या आवाजावर भरवसा ठेवला होता. ही काडतुसे मुकी होती.

त्यांनी घरी फोन लावला.

"ती पुठ्ठ्याची वेष्टणं डब्यात आहेत का गं अजून?"

"कसली? तुम्ही घड्या घातलेली? ती कालच गेली कचऱ्याच्या गाडीत," मामी म्हणाल्या. "का हो? काय झालं?"

"काही नाही."

"तुमचं 'काही नाही' मला चांगलं माहितीये. ती बरी आहे ना?"

"ती बरी आहे," मामा म्हणाले, आणि हे तरी खरे आहे का, याचीच त्यांना शंका आली. वेष्टणे डब्यात असती तरी काय उपयोग होता म्हणा! कोणते वेष्टण कोणत्या ट्रेचे, हे मामी फोनवरून थोड्याच सांगणार होत्या? पण बुडत्याचा जीव, काहीही धरू बघतो.

जेवताना लेकीने ताटातले अर्धे तसेच ठेवले. मामांनीही. मामा मनात दोन्ही बाजू तोलत होते. सांगितले तर आधीच घाबरलेली पोर आणखी घाबरणार. न सांगितले तर चाचणीत एका ट्रेमधून दुसऱ्यावर जाताना गोळ्या पसरणार आणि बिचारीला कारणही कळणार नाही. सर जाणते, अशी किती मुले त्यांनी घडवली. आपण कोण? खोकी भरणारा माणूस.

सकाळी ती व्हरांड्यात बसून जाड तळव्यांच्या बुटांच्या नाड्या बांधत होती. डोळे सुजल्यासारखे दिसत होते. मामा पेटी घेऊन समोर उभे राहिले.

"बाळा, माझ्या हातून घोटाळा झालाय."

ती नाडी धरून तशीच थांबली. मामांनी सगळे सांगितले: वेष्टणे, शिपाई, फोम, कालचा तो 'हो'. सांगताना ते तिच्याकडे नाही, पेटीच्या कुलपाकडे बघत होते.

"म्हणजे काल मी झाडल्या त्या चारवाल्या होत्या?"

"बहुतेक. बहुतेक काय, असणारच."

"मग कालच का नाही बोललात?"

"सर म्हणाले, तुझ्या डोक्यात काही घालायचं नाही."

लेकीने दोन्ही हातांनी तोंड झाकले. मामांना वाटले, रडतेय. पण हात काढले तेव्हा ती हसण्याच्या आणि रडण्याच्या मधेच कुठेतरी होती.

"बाबा! अहो, माझा हात गेला असं वाटत होतं मला. शिकंज्यात एका भोकात जाणारी गोळी माझ्या हातून पसरतेय, म्हणजे मीच बिघडले ना? पहाटेपर्यंत मी खांदा चाचपत होते. घरी गेल्यावर रायफल क्लबात परत देऊन टाकायची, इथपर्यंत ठरवलं होतं."

मामा खाली तिच्याशेजारी पायरीवर बसले. पाटी कोरी ठेवायच्या नादात आपण तिच्यावर काय लिहिले, ते त्यांना आता दिसले.

"आता काय करायचं गं?"

"विचारायचं रायफललाच," ती म्हणाली आणि नाडी ओढून गाठ मारली.

चाचणीआधी नेम बसवायला थोडा वेळ देतात, त्यात कितीही गोळ्या झाडता येतात. बाकीच्या मुली त्या वेळात शांतपणे श्वास लावतात. हिने न उघडलेले सगळे ट्रे ओळीने मांडले आणि एकेकातून थोड्या थोड्या झाडू लागली. मागे सर मामांवर तडकले, "ही काय भाजी निवडतेय का?" मामांनी त्यांना हळू आवाजात काय ते सांगितले. सर फक्त "पेटी तुम्ही भरलीत?" एवढेच म्हणाले.

पडद्यावर पहिला ट्रे पसरला. तो बाजूला गेला. दुसऱ्याचे ठिपके एकावर एक चढले, आणि मामांनी सरांचा दंड घट्ट धरला. तिसरा पसरला. चौथाही. एक सातवाला अजून सापडायचा होता आणि पंच घड्याळाकडे बघत होते. शेवटच्या ट्रेतली पहिली गोळी दहाच्या डाव्या कडेला लागली. दुसरी तिच्या अंगावर. तिसरी तिथेच. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटा झाली. त्या पोरीला ना श्वास लावायला वेळ मिळाला, ना नेमाची शेवटची कळ फिरवायला.

पहिली फेरी त्यामुळे डावीकडे झुकली, नऊवर नऊ. दुसऱ्या फेरीत तिने दुरुस्ती केली. तिसरीपासून ठिपके मधोमध बसले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. संघात तिघींना घेणार होते. ती चौथी आली. राखीव.

फळ्यावरची यादी मामांनी पुन्हा पुन्हा वाचली. "माझ्यामुळे गेलं," ते म्हणाले.

"पहिली फेरी गेली ती तुमच्यामुळे," लेक म्हणाली. "शेवटच्या फेरीत मी त्या तिघींच्या पुढे होते, ते माझ्यामुळे. फिट्टंफाट."

"आणि रायफल? परत देणार आहेस?"

"वेड लागलंय का बाबा?" तिने उरलेले ट्रे त्यांच्या पुढे सरकवले. "घ्या. पेटी भरा."

"मी?"

"मग कोण? तो शिपाई?"

परवा ती पुढच्या चाचणीला निघाली. मामांनी त्याआधी बाजारात हिंडून मोठी पेटी आणली होती. प्रत्येक ट्रे आपल्या वेष्टणात, आकडा वर येईल असा. एका बाजूला चांगली हातभर जागा रिकामी राहिली. मामी ती जागा बघून चकित झाल्या. "एवढी पोकळी? निदान टॉवेल तरी कोंबा तिथे!"

"राहू दे, शिपायाच्या हाताला जागा लागते," मामा म्हणाले. त्यांनी पेटी उचलली. आतले ट्रे सरकून खडखडले. मामांचा चेहरा दाढ दुखल्यासारखा झाला, पण त्यांनी कुलूप लावले आणि किल्ली लेकीच्या हातात दिली.