अक्कानं पुरलेलं घर

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिच्यासाठी तांदळाची पातळ कंजी ढवळत होते. तासाभरापूर्वीच इस्पितळातून आमच्या मेलकावेरीच्या घरी आले होते. निघताना नेहमीचं खोटं बोलून झालं होतं : "वायूच आहे ग अक्का, उतरेल." डोळे न उघडता ती म्हणाली, "होय ग, वायूच. तूं जेवून ये सावकाश." आजार कोणता, हे डॉक्टरांनी मला आणि अण्णाला सांगितलं होतं. तिला कळू द्यायचं नाही, असं आम्हा भावंडांचं ठरलं होतं. ती खरंच काही न कळता गेली का... हा प्रश्न पुढे कित्येक रात्री मला झोपू देत नव्हता.

अंबुजाक्का, माझी थोरली बहीण, कुंभकोणमच्या एका शाळेत सहावीला समाजशास्त्र शिकवायची. आमचे पूर्वज तंजावरच्या मराठी दरबारातले, त्यामुळे घरात जुनाट मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. सिंधू संस्कृतीचा धडा आला की अक्का शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून फुटकंतुटकं गोळा करायची. दाते पडलेल्या फण्या, कान गेलेले कप, बांगड्यांचे तुकडे... ते सगळं शाळेच्या मागच्या आवारात पुरायचं, मुलांनी खुरप्यांनी खणून काढायचं आणि त्या घरात कशी माणसं राहत होती ते सांगायचं. "राजांचीं नांवें घोकून काय होतें? लोक कसे जगले, तें त्यांनीं टाकलेल्यांत असतें," असं तिचं म्हणणं. एका वर्षी मुलांनी छातीठोकपणे सांगितलं की या घरात नवरा-बायकोचं पटत नाही, एवढ्या बश्या उगाच फुटत नाहीत! बश्या होत्या शेजारच्या मामींच्या; ते त्यांच्या कानावर गेलं आणि त्यांनी आमच्याकडे येणंच टाकलं. अक्काची मात्र हसून मुरकुंडी. मामींची समजूत घालायला गेले ती मीच.

यंदा धडा झाला, सामान पुरून झालं आणि अक्कानं अंथरूण धरलं. खणायचं राहूनच गेलं. ती गेल्यावर काही आठवड्यांनी तिच्या जागी आलेल्या बाईंचा फोन आला. मुलं हट्ट धरून बसलीत, तुम्हीही या, म्हणाल्या. माझं पाऊल उचलत नव्हतं, तरी गेले.

चार खुरपी पडली आणि मी ओळखलं, या वेळी तिनं आमचंच घर पुरलं होतं. माझ्या जुन्या चष्म्याची काडी, आईच्या पाट्याचा टवका, अण्णानं लहानपणी फोडलेली बरणी... मग एका मुलीनं पितळी पेला वर काढला. अक्काचा, रोजच्या कॉफीचा. ना पोचा, ना चीर. डॉक्टरांनी कॉफी बंद केल्यापासून तो घरात दिसला नव्हता आणि आजारपणाच्या धांदलीत ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

"चुकून पडला असेल," मी म्हणाले.

मुलगी पेला उलटसुलट पाहून तमिळमध्ये म्हणाली, "नाही अम्मा. मिसनी शिकवलंय, फुटकं असेल तर ते टाकलेलं असतं. धड भांडं कुणी मुद्दाम पुरलं असेल, तर समजायचं, आपल्याला ते आता लागणार नाही हे त्या माणसाला ठाऊक होतं."

सगळ्या वर्गासमोर मला रडू फुटलं.

पेला आता स्वयंपाकघरात आहे. सकाळी कॉफी गाळताना तो दिसतो आणि आधी तिचा रागच येतो. सगळं ठाऊक असून तिनं मला रोज खोटं बोलू दिलं... माझा धीर सुटू नये म्हणून.