जवस म्हणजे लवकर या

खामगावात मी एका कापसाच्या अडत्याकडे तारा लिहायचो. शेठले दोनच गोष्टींची काळजी. तारेत शब्द वाढू नाहीत, अन् तारेतलं बाजारात फुटू नाही. तारघरात शब्दागणिक पैसे पडत, अन् तारबाबूच्या जिभेले हाड नव्हतं. म्हणून आमची खुणेची यादी होती. ‘मूग’ एवढंच लिहिलं की मुंबईवाल्याले समजे, गाठी विका. दर दिवाळी-पाडव्याले ती यादी मी बदलायचो. नवे शब्द कोण पाठ करत बसते? शब्द तेच ठेवायचे, अर्थ फिरवायचे. जुनी यादी ज्याच्या हाती लागली, तो फसलाच पाह्यजे! शेठ म्हणे, “डोकं आहे बे तुले.” अन् मी हुरळून जायचो. हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तशी माही गत.

त्या साली बायको बाळंतपणाले जानेफळले, माहेरी गेली. आधीची दोन लेकरं पोटातच गेली होती, म्हणून नजरेची भारी भीती तिले. “माह्यं दुखणं त्या तारबाबूच्या तोंडी नका देऊ,” म्हणाली. मी दोन शब्द ठरवून दिले. तीळ म्हणजे सगळं ठीक आहे, येऊ नका. जवस म्हणजे जीव घाबरा झाला, लवकर या. तिले वाचता येत नव्हतं. भाकरी थापता थापता तिनं ते घोकले, अन् चुकली की स्वतःच हसे.

दिवाळीच्या आधी एक ‘तीळ’ आली. तार देताना तारबाबू दात काढून म्हणे, “काय हो, घरी तिळाचा धंदा काढला का?” तेवढ्यानं मी बिथरलो. पाडव्याले दुकानाची यादी फिरवली, अन् त्याच बैठकीत घरचीही. सासऱ्याच्या नावानं चिठ्ठी टाकली: आता तीळ म्हणजे या, अन् जवस म्हणजे सगळं ठीक. काऊन केलं मी असं? आमच्या दोन शब्दांवर कोणता व्यापारी टपून बसला होता? आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावं वाटते.

आठ दिवसांनी जानेफळजवळच्या मेहकरच्या तारघरातून तार आली. एकच शब्द, जवस. मी नवी यादी आठवली, देवाले हात जोडले, तार घडी करून खिशात ठेवली अन् सरकीच्या सौद्याले लागलो. दुपारची मेहकरची मोटार दुकानासमोरून गेली. मी मान वर केली नाही.

तिसऱ्या दिवशी सासरे दारात उभे. डोक्याले पागोटं नव्हतं. मी टाक ठेवून उठलो.

“तुमची चिठ्ठी भेटली होती, जावईबापू,” ते म्हणाले. “मी वाचून दाखवली तिले. पण कळा उलट्या फिरल्या, तवा ‘जवस’च म्हणे. मी म्हटलं, बाई, आता तीळ झालं ना? तर म्हणे, ‘बाबा, जवसच टाका. त्यायनं मले शिकवलं हाये.’ मले वाटलं, तुमचं दोघांचं काही ठरलं असन.”

लेकरूही वाचलं नव्हतं. सासरे खाली बसले अन् जमिनीकडे पाहून बोलले, “मोटारीचा आवाज आला की विचारे, आले का?”

तारबाबूले यातलं काहीच कधी कळलं नाही.

पुढं मी मोटारवाल्याले विचारलं. त्या दुपारी गाडी अर्धी रिकामी गेली होती.